लग्न न बघणारी आई

लग्नाला नऊ दिवस उरले होते. वासंती रुखवताच्या लाडवांसाठी बेसन भाजत होती. तेवढ्यात धाकटी इरा स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मम, माझ्या लग्नात गायब नाही व्हायचं हं. ताईच्या वेळी केलंस तसं. प्रॉमिस मी."

बेसन भाजताना हात थांबवायचा नसतो. वासंतीचा थांबला, आणि करपल्याचा वास परदेशातल्या, अप्पर हट गावातल्या, त्या घरभर पसरला. खिडक्या उघडा, धुराचा अलार्म बंद करा, या गडबडीत उत्तर द्यायचं राहून गेलं. पण गायब म्हणजे काय, हे घरात कुणी कुणाला विचारायची गरज नव्हती.

वासंतीच्या माहेरी, चिंचवडला, एक रीत होती. मुलीचं लग्न लागताना आईनं ते बघायचं नाही. गुरुजींनी अंतरपाट धरला की आईनं मांडवातून उठायचं, मागच्या दाराशी तुळशीपाशी जाऊन बसायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तुळशीला थोडं थोडं पाणी घालत राहायचं. का, असं विचारलं की प्रत्येक बाई वेगळं कारण सांगायची. कुणी म्हणे, आईचीच दृष्ट सगळ्यांत आधी लागते. कुणी म्हणे, आईच्या डोळ्यांत पाणी दिसलं की मुलीचा पाय घरातून निघत नाही. वासंतीच्या आईनं, शांताबाईंनी, तीन मुली उजवल्या आणि तिघींपैकी एकीचंही लग्न डोळ्यांनी पाहिलं नाही. वासंतीच्या लग्नात सनई-चौघडा दणाणला तशी मावशी मागच्या दारी धावत गेली आणि ओरडली, "लागलं गं लग्न, ऊठ आता!" शांताबाई तशाच आल्या आणि ओल्या हातांनी त्यांनी लेकीचं तोंड कुरवाळलं. मुंडावळ्या भिजल्या. पस्तीस वर्षं झाली, पण आईची माया म्हटलं की वासंतीला ते गार, ओले हातच आठवायचे. आपणही आपल्या लेकींसाठी असंच तुळशीपाशी बसायचं, हे तिनं तेव्हाच मनाशी धरलं होतं. अशा गोष्टी कुणी कुणाला सांगून ठेवत नाही. तिनंही ठेवली नाही. सगळं जे बिनसलं ते तिथंच.

थोरल्या अनुष्काचं लग्न तीन वर्षांपूर्वी पुकेकोहेला झालं. नवरा कॅलम तिथलाच, कांदे-बटाटे पिकवणाऱ्या घरातला. पोरगा सरळ, मान खाली घालून काम करणारा. लग्न त्यांच्याच शेतात, पॅडकमध्ये, म्हणजे कुंपणातल्या कुरणात, मांडव घालून. वासंतीनं अप्पर हटपासून आठ तासांच्या प्रवासात तुळशीची कुंडी मांडीवर धरून नेली. थंडीत जगत नाही म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत लेकराला जपावं तशी जपलेली तुळस ती. कॅलमच्या आईनं ती पाहिली, एक पान चुरून वास घेतला आणि जेवणात घालणार का, असं अगदी प्रेमानं विचारलं.

आता खरं सांगायचं तर त्या लग्नात चक्रावून जाण्यासारखं काय कमी होतं? अंगठ्या आणल्या कुत्र्यानं. गळ्यात पिशवी बांधलेला तो काळा कुत्रा मध्येच बसकण मारून खाजवत बसला, तर दीडशे माणसांनी त्यालाही टाळ्या दिल्या. फोन बंद ठेवा अशी पाटी दारात, आणि डोक्यावर शूटिंगचा ड्रोन गुंईगुंई करतोय. नाचून बायकांचे पाय दुखतील म्हणून टोपलीभर नव्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला. नवऱ्यानं नवरीला आधी बघायचं नाही म्हणून दोघांना पाठीला पाठ लावून उभं करायचं आणि त्याचे फोटो काढायचे. वासंतीनं यातल्या एकाही गोष्टीला नाक मुरडलं नाही. हौसेला मोल नसतं म्हणायचं आणि हसायचं. कुत्र्याचं कौतुक झालं, जँडल्सचं झालं. लोकांना कोडं पडलं ते एकट्या तिचं.

गुरुजींनी अंतरपाट धरला. वासंती पहिल्या रांगेतून उठली, कांदे भरायच्या शेडमागे गेली आणि तुळशीला पाणी घालत बसली. आता कुणीतरी येईल आणि सांगेल, लागलं म्हणून. पण सांगणार कोण? सनई नव्हती. मावशी नव्हती. नवऱ्याच्या, रवींद्रच्या, घरी ही रीतच नव्हती, त्यामुळे त्यालाही पत्ता नव्हता. एकदा टाळ्यांचा आवाज आला तशी ती उठली, पण इथली माणसं कुत्र्यालाही टाळ्या वाजवतात हे आठवून परत बसली. उगाच अर्ध्यातून गेलो आणि नेमकं लग्न लागतानाच नजर पडली तर? ती बसून राहिली. मंगलाष्टकं संपली, आणि मध्ये दम न घेता गोऱ्या पद्धतीचा विधी सुरू झाला. वचनं झाली, अंगठ्या झाल्या, सह्या झाल्या. रवींद्र शोधत शेडमागे आला तेव्हा मंडळींच्या हातात वाइनचे ग्लास होते.

"अगं, होतीस कुठे तू?" तो म्हणाला. "पोरगी सारखी तुझ्या खुर्चीकडे बघत होती."

त्या लग्नाचा व्हिडिओ वासंतीनं पुढे कितीदा पाहिला, याची गणती नाही. कॅलमचं बोलून होतं. मग अनुष्का कागद उलगडते. इंग्रजीत चार वाक्यं म्हणते आणि पाचवं मराठीत सुरू करते. सहाव्या वर्षी इथं आलेली पोर, मराठी बोलताना अडखळते म्हणून चारचौघांत बोलायला लाजणारी. तिनं आईला कळावं म्हणून दोन वाक्यं मराठीत पाठ केली होती. पहिलं म्हणते, "माझ्या आईनं मला जसं सांभाळलं, तसं मी आपलं घर सांभाळीन," आणि मान वर करून पहिल्या रांगेकडे बघते. तिथं रिकामी खुर्ची. दुसरं वाक्य ती म्हणतच नाही. कागदाची घडी घालते. ते दुसरं वाक्य काय होतं, हे विचारायचं धाडस वासंतीला कधी झालं नाही.

पुढे पाच महिने अनुष्का आईशी फोनवर बोलली नाही. बाबांशी बोलायची, त्यांच्यामार्फत आईची खुशाली विचारायची. तिनं मनाशी पक्कं केलं होतं की आपण गोऱ्याशी लग्न केलेलं आईला बघवलं नाही. आणि तिचं तरी काय चुकलं? कॅलमचं नाव पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वासंतीनं विचारलं होतंच, "नीट विचार केलायस ना?" कुठलीही आई विचारते तसंच. पण तेवढं वाक्य मुलीच्या मनात रुतून बसलं होतं.

शेवटी वासंती एकटी विमानात बसली आणि पुकेकोहेला जाऊन धडकली. चहा ओतायच्याही आधी तिनं सगळं सांगितलं. शांताबाई, मागचं दार, ओले हात, सगळं. "तुझ्या जागी इरा असती तरी मी उठले असते," ती म्हणाली. "उद्या तिच्या लग्नातही उठणार. नियमच आहे तो, बाई. त्यात कॅलम नाही, कुणी नाही."

"खरंच?" अनुष्कानं विचारलं. "सगळ्यांसाठी?"

"सगळ्यांसाठी. तुझी शपथ."

अनुष्का आईच्या गळ्यात पडून इतकी रडली, इतकी रडली, की कॅलम बाहेरून बूट न काढताच धावत आला. मग तिनं त्याला सांगितलं, सासूला सांगितलं, ऑफिसात सांगितलं. माझी आई माझं लग्न बघत नव्हती, कारण ती माझ्यासाठी झाडाला पाणी घालत होती. सांगताना तिचा आवाज अभिमानानं भरून यायचा. दर रविवारी सकाळी फोन सुरू झाला. सगळं मार्गी लागलं.

आणि आता इरा.

इरा काही ऐकणाऱ्यांतली नव्हती. लाडू वळताना पुन्हा आली. "मम, आय वॉन्ट टू सी युअर फेस. दॅट्स ऑल. अक्षतची आई असणार, यू शुड बी देअर टू." अक्षत म्हणजे तिचा होणारा नवरा.

वासंती म्हणाली, "अगं, ताईला मी शब्द दिलाय."

"ताई वुड बी हॅपी! तिलाच सर्वांत वाईट वाटलं होतं ना?"

हे मात्र वासंतीला पटलं. पटलं, की तिला पटवूनच घ्यायचं होतं, देव जाणे. खरं म्हणजे तिला बघायचं होतं. थोरलीच्या वेळी आपल्या हातून काय निसटलं, हे तिनं व्हिडिओत डोळे फुटेस्तोवर पाहिलं होतं. त्या रिकाम्या खुर्चीनं तिला तीन वर्षं झोप दिली नव्हती. पुन्हा एका लेकीनं वर बघावं आणि समोर खुर्ची रिकामी दिसावी? नाही. एकदा चुकलं, आता कानाला खडा. आणि हे आपण अनुष्काकडूनच शिकलो, हे ऐकून तिलाही बरंच वाटेल. "बसेन," वासंती म्हणाली. इरानं बेसनाच्या हातांसकट आईला मिठी मारली.

आता अनुष्काला सांगायला हवं होतं. वासंतीनं रविवारी ठरवलं होतं, पण फोनवर अनुष्का विमानाच्या तिकिटांबद्दल बोलत राहिली. मंगळवारी लावला तर ती गाडी चालवत होती. गुरुवारी वासंतीनं फोन हातात घेतला आणि परत खाली ठेवला. असल्या गोष्टी समोरासमोर बोलाव्यात, असं तिनं स्वतःला बजावलं. भित्रेपणाला माणूस अशी छान छान नावं देतो.

शुक्रवारी हळदीला अनुष्का आणि कॅलम आले. हळदीचंही आता भलतंच झालंय. सगळ्यांनी पिवळे कपडे, काळे गॉगल, आणि हळद लावण्याआधी तीनदा ती लावल्याचं नाटक, कॅमेऱ्यासाठी. त्या पिवळ्या गोंधळात वासंतीनं अनुष्काला बाजूला घेतलं. "अनू, उद्याचं जरा बोलायचं होतं."

"आई, तू काळजी नको करू," अनुष्का म्हणाली आणि आईच्या गालावरची हळद बोटानं पुसली. "तुझं सगळं मी बघितलंय. हॉलवर जाऊनपण आले. यावेळी काही चुकणार नाही."

वासंतीला वाटलं, फोटोंची यादी आणि तिच्या शालूचं म्हणतेय. सांगायचं ते ओठावर आलं होतं. तेवढ्यात अक्षतच्या घरचे फ्लॅट बुशहून येऊन पोचले, दोन गाड्या भरून, आणि वासंतीला ओवाळायला दारात जावं लागलं. लग्न लागलं की निवांत सांगू, ती मनात म्हणाली.

शनिवारी सकाळी नदीकाठच्या हॉलवर दीडशे माणसं जमली. मुहूर्त दहा बावन्नचा. हॉलवाल्यांनी तांदूळ टाकायला बंदी केलेली, म्हणून अक्षतांऐवजी वाळलेल्या पाकळ्यांच्या पुड्या. अक्षत आणि इरा समोरासमोर उभे राहिले, मध्ये अंतरपाट धरला गेला. वासंती पहिल्या रांगेत रवींद्रच्या शेजारी बसली होती. पायांना सवयीनं उठावंसं वाटलं. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि इरानं अंतरपाटाच्या कडेवरून आईकडे बघून डोळा मारला. वासंतीचा ऊर भरून आला. हे एवढंच होतं तर! दृष्ट नाही, काही नाही. लेक हसते, आई रडते, आणि दोघी एकमेकींना दिसतात. आपल्या आईला हे कधी मिळालं नाही, आपण हे अनुष्काला दिलं नाही, या विचारानं तिला हुंदका आला. तिनं इराच्या मागे नजर टाकली. करवली म्हणून अनुष्कानं तिथं उभं राहायचं होतं. अनुष्का नव्हती. तिच्या जागी इराची कुणी मैत्रीण उभी होती. वासंतीनं हॉलभर डोळे फिरवले. तिसऱ्या रांगेत कॅलम एकटाच बसला होता आणि तिच्याकडेच बघत होता, गोंधळल्यासारखा. मग त्यानं खाली मान घालून फोनवर काहीतरी लिहिलं.

वासंतीला कळलं. कसं ते सांगता येणार नाही, पण त्या क्षणी तिला सगळं कळलं. आत्ता उठावं तर इरा बघत होती. उरलेली सहा मंगलाष्टकं ती तशीच बसली, आणि धाकटीचं लग्न लागलं तेव्हा तिला ते दिसलंच नाही. डोळे उघडे होते, एवढंच.

पाकळ्या उडाल्या, टाळ्या वाजल्या, तशी ती उठली आणि मागच्या दारानं बाहेर गेली.

हॉलच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांपासून दूर, सावली बघून दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. एकीवर उशी ठेवलेली. समोर उपड्या क्रेटवर नवं खणाचं कापड, त्यावर तुळशीची कुंडी, पाण्यानं भरलेला तांब्या, चहाचा थर्मास आणि दोन कप. दुसऱ्या खुर्चीवर अनुष्का बसली होती. मोरपंखी शालू, नाकात नथ, केसांत गजरा. फोन मांडीवर उलटा ठेवला होता.

"लागलं?" तिनं विचारलं.

"लागलं."

"मला वाटलं तू येशील," अनुष्का म्हणाली. "माझ्या वेळी तुला सांगायला कुणी आलं नव्हतं ना. म्हणून म्हटलं, मी बसते तुझ्याबरोबर. संपलं की मीच सांगणार होते तुला. कॅलमला सांगून ठेवलं होतं, लागलं की मेसेज कर." तिनं फोन उचलला, बघितला, परत ठेवला. "त्यानं दुसराच मेसेज केला. तुझी आई इथे पुढेच बसलीय म्हणून."

"अनू, ऐक. मी तुला सांगणारच होते. इरा मागे लागली गं. तिनं विचारलं, बसशील का म्हणून."

"तिनं विचारलं." अनुष्कानं मान हलवली. "मला माहीतच नव्हतं, विचारता येतं ते."

वासंती तिच्यासमोर खाली बसायला गेली, शालूनिशी, गवतातच. "तुझ्या वेळी मी चुकले. ती चूक पुन्हा व्हायला नको म्हणून बसले मी. तुझ्याचमुळे बसले, बाळा."

"हो ना," अनुष्का म्हणाली. "माझ्यावर शिकलीस आणि तिच्यासाठी बसलीस."

आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. वासंतीला वाटलं, हिनं भांडावं, तांब्या फेकावा, आईला वाट्टेल ते बोलावं. पाच महिने अबोला धरावा, वर्षभर धरावा, पण त्यात राग असावा. राग असला की मागे माणूस असतं. अनुष्काच्या तोंडावर राग नव्हता. लहानपणी खेळात तिला कुणी घेतलं नाही की दिसायचं तसं, समजून चुकल्यासारखं काहीतरी होतं.

"शपथ घेतली होतीस माझी," ती म्हणाली. "मी सगळ्यांना सांगितलं होतं, आई. कॅलमच्या आईला, सगळ्यांना. आमच्याकडे सगळ्या आया असंच करतात म्हणून." मग जरा थांबून तिनं विचारलं, "छान दिसत होती का इरा?"

"हो," वासंती म्हणाली. खोटं बोलायचीही ताकद उरली नव्हती.

आतून रवींद्र हाका मारत होता. फोटोग्राफरला घरची माणसं हवी होती. अनुष्कानं तांब्यातलं पाणी तुळशीला ओतलं, सगळं एकदम, आणि दोन्ही खुर्च्यांच्या घड्या घातल्या. वासंतीनं एक घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे. आय हॅव गॉट इट."

फोटोंत अनुष्का हसली. इराच्या गळ्यात हात टाकला, अक्षतची चेष्टा केली, पंगतीत वाढलं. चारचौघांत कुणाला काडीचाही संशय आला नाही. मुक्काम मंगळवारपर्यंत ठरला होता, पण दुपारी चार वाजता कॅलमनं बॅगा गाडीत ठेवल्या. रात्रीचं विमान मिळालं म्हणाला आणि वासंतीच्या नजरेला नजर न देता काचा पुसत राहिला.

अनुष्का दारात आली. बाबांना मिठी मारली. मग पदर सावरून तिनं वासंतीला वाकून नमस्कार केला, नात्यातल्या लांबच्या मोठ्या बाईला करतात तसा, नीट आणि पटकन. आशीर्वाद द्यायला वासंतीचा हात पुढे जाईपर्यंत ती सरळ उभीसुद्धा राहिली होती.

"थँक्स फॉर हॅविंग अस," ती म्हणाली.

या देशात जेवून निघालेला पाहुणा यजमानिणीला जे म्हणतो, तेच. पोटच्या पोरीच्या तोंडून वासंतीनं ते पहिल्यांदाच ऐकलं. तिला ओरडून सांगायचं होतं की जाऊ नकोस, बस इथं, ते दुसरं वाक्य काय होतं ते मला आत्ता सांग. पण दारात विहीणबाई उभ्या होत्या, पाहुणे उभे होते, आणि तिच्याही तोंडून पाहुण्याला म्हणतात तेच निघालं.

"सावकाश जा," ती म्हणाली. "या परत."